मदत हवी आहे : कॅन्ससमधील निकोडेमस वस्तीविषयी

नमस्कार. अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या वायव्य भागातील ग्रॅहम काउंटीवर मी एक मराठी लेख लिहीत आहे. हिल सिटी हे या काउंटीचे मुख्य ठिकाण. पण माझे मन गुंतले आहे ते सॉलोमन नदीच्या दक्षिण शाखेजवळच्या निकोडेमसमध्ये. गुलामगिरीतून मुक्त झालेल्या, मुख्यतः केंटकीतून आलेल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी १८७७ मध्ये ती वसवली. झाडे विरळ असलेल्या त्या गवताळ माळावर लाकूड मिळेना, म्हणून लोक जमीन खोदून राहिले. १८७८ मध्ये तेथे पोहोचलेल्या विलियाना हिकमन यांना गाव दिसलेच नाही, दिसला तो जमिनीतून वर येणारा धूर, आणि त्यांना रडू कोसळले. पुढे १८८८ मध्ये रेल्वे नदीपलीकडून गेली, तसे दुकानदारही निघून गेले. तरीही वस्ती टिकली आणि १९९६ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

अशा भूमिगत घराला ‘खोदघर’ म्हणावे, की आपल्याकडे एखादा रुळलेला शब्द आहे? तसेच, जुलैअखेरीस तेथे भरणाऱ्या वंशजांच्या वार्षिक मेळाव्याला कोणी गेले असल्यास आपला अनुभव कृपया सविस्तर कळवावा.