मदत हवी आहे: पीएस५ स्लिम डिस्कवाला घ्यावा की डिजिटल?

मंडळी, भावाची बारावी झाली, त्याला प्लेस्टेशन ५ स्लिम (सोनीचा गेम खेळायचा कन्सोल) घ्यायचाय. डिस्कवाला की डिजिटल (डिस्क ड्राइव्ह नसलेला, गेम नेटवरून उतरवून खेळायचा), इथंच गाडं अडलंय. प्रोसेसर दोन्हींत तोच. स्लिमच्या डिजिटलला ड्राइव्ह मागाहून जोडता येतो. २०२० च्या जुन्या डिजिटलला येत नाही, म्हणून सेकंडहँडमधला तो मी बादच केला.

माझा कल डिस्ककडं आहे. गेम संपला की डिस्क विकता येते, मित्राला देता येते. डिजिटल गेम खात्यातच अडकतो. शिवाय आमच्या उचगावात संध्याकाळी नेट फार रखडतं, आणि मोठा गेम १०० जीबीच्या घरात.

पण कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरीकडं जुन्या डिस्क मिळतात का? बदलून देतात का? की पुण्याहूनच मागवायच्या? ज्यांच्याकडं आहे त्यांनी कृपया सांगा, या आठवड्यात घ्यायचाय.