नळी काढतानाचा धोका
मध्यवर्ती शिरेत (हृदयाकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेत) नळी घालताना फुप्फुसाला होणारी इजा आणि नंतरचा जंतुसंसर्ग यांविषयी बोलले जातेच. नळी काढणे मात्र किरकोळ समजून बहुधा घाईत उरकले जाते. बसलेल्या रुग्णाच्या मानेतील नळी ओढली आणि नेमका तेव्हाच त्याने खोल श्वास घेतला, तर छातीतील दाब वातावरणापेक्षा कमी झाल्याने उघड्या मार्गातून हवा शिरेत खेचली जाऊन हृदयाच्या उजव्या कप्प्यात पोहोचते. म्हणून रुग्णाला आडवे करून, त्याला सोसत असल्यास डोके किंचित खाली ठेवून, तो श्वास सोडत असताना नळी काढावी, जागा लगेच दाबून धरावी आणि वर हवाबंद पट्टी लावावी. नुसता गॉज (जाळीदार सुती कापड) पुरत नाही, कारण त्यातून हवा जाते. एकाएकी धाप लागलीच, तर डाव्या कुशीवर वळवून १०० टक्के प्राणवायू सुरू करावा.