चीनी कम: चाल आपल्याकडे आधीच पोचली होती

'चीनी कम' या अमिताभ-तब्बूच्या सिनेमात मुलीच्या लग्नाला विरोध म्हणून बाप उपोषणाला बसतो, ते पोरकट आहे, असं काही जण म्हणतात. नाही पटलं. नवरदेव ६४चा, मुलगी ३४ची आणि सासरा ५८चा! जावई सासऱ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा, तिथं गांधीवादी माणूस दुसरं काय करणार? बापाचं काम करणाऱ्या परेश रावलनं ते मस्त वठवलंय. शेवट जरा गुंडाळलाय, हे मात्र मान्य.

गाणी 'एकदम फ्रेश' म्हणणाऱ्यांसाठी मात्र एक सांगतो. शीर्षकगीताची चाल संगीतकार इळैयराजांनी स्वतःच्याच १९८६च्या तमिळ 'मौन रागम'मधून उचललीय, आणि तो सिनेमा तेलुगूतही डब झाला होता. सोलापुरात तेलुगू भाषकांच्या पूर्व भागात राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. २००७ साली आमच्या टीव्हीवर हे गाणं लागलं, तर शेजारच्या अक्का मांडीवर सूप, हातात कात्री, विडीची पानं कापता कापता थेट तेलुगू शब्दांत पुढची ओळ गायला लागल्या. अमिताभ-तब्बूकडे ढुंकूनही बघितलं नाही. "हे तर आमचं जुनं गाणं हाय की," म्हणाल्या, आणि वर श्रेया घोषालपेक्षा जुन्या गाण्यातले एस. पी. बालसुब्रह्मण्यमच बरे म्हणून निकालही देऊन टाकला. मला श्रेयाचंच आवडतं, पण अक्कांशी कोण वाद घालणार!