रास्पबेरीची छाटणी मिरगापूर्वी करावी की पावसाळ्यानंतर?

जाणकारांना सविनय नमस्कार. दापोली तालुक्यातील आमच्या परसात मी दोन वर्षांपूर्वी रास्पबेरीची ४ रोपे लावली. लाल फळांच्या विलायती जातींना हिवाळ्यात ७ अंश सेल्सिअसखालची थंडी शेकडो तास लागते आणि ती आपल्या किनाऱ्यावर मिळत नाही. म्हणूनच मी सह्याद्रीत रानातही आढळणारी, पिकल्यावर जांभळट काळी होणारी म्हैसूर रास्पबेरी निवडली.

गेल्या वर्षीच्या काठ्यांवर यंदा मार्चमध्ये वाटीभर फळे आली आणि घरातील मुलांनी ती झाडापाशीच संपवली, याचा मला फार आनंद झाला. आता त्या काठ्या वाळू लागल्या आहेत, आणि बुंध्यातून पांढरी भुकटी फासल्यासारखे दिसणारे, काटेरी नवे फुटवे प्रत्येक रोपाला दहा-बारा आले आहेत. फळलेली काठी पुन्हा फळत नाही, म्हणून ती जमिनीलगत कापायची हे मला माहीत आहे. मात्र आत्ता कापली, तर जूनच्या मुसळधार पावसात ओल्या जखमेतून कूज शिरेल का, आणि ठेवली, तर दाटीमुळे नव्या फुटव्यांवर बुरशी वाढेल का, हे ठरवता येत नाही.

प्रत्येक रोपाला किती फुटवे राखावेत आणि त्यांचे शेंडे किती उंचीवर खुडावेत? आमच्याकडे जांभा खडकावर मातीचा थर जेमतेम हातभर आहे, त्यामुळे मुळांशी पाणी साचण्याची धास्ती वाटते. वाफा उंच करावा, की उताराकडे चर काढणे पुरेसे होईल? कोकणात हे झाड वाढवलेल्यांनी कृपया स्वतःचा अनुभव सांगावा.