मदत हवी आहे: आई-पप्पांना लूवेनचं 'फादरांचं कॉलेज' दाखवायचंय (बेल्जियम)

पाचूबंदर

नमस्कार मंडळी,

माझा धाकटा भाऊ कॅथलिक धर्मगुरू आहे. गुरुदीक्षा झाल्यापासून घरात त्याला नावाने कोणी हाक मारत नाही. आईसुद्धा फोनवर 'फादर, जेवलात का?' असंच विचारते. गोरेगावच्या सेमिनरीत (धर्मगुरू घडवतात त्या संस्थेत) शिकला, वसईत पॅरिशचं काम केलं आणि आता बिशपांनी डॉक्टरेटसाठी बेल्जियमला, लूवेनच्या कॅथलिक विद्यापीठात ईशज्ञान (थिऑलॉजी) शिकायला पाठवलंय.

आई-पप्पांना घेऊन त्याला भेटायला जायचा विचार आहे. पॅरिस, अ‍ॅमस्टरडॅम यात आईला अजिबात रस नाही. तिचं एकच, 'फादर जिथे शिकतात ते कॉलेज बघायचं.' म्हणजे गेट, वर्ग, जमलं तर ते बसतात तो बाक. पप्पा विज्ञानाचे शिक्षक होते, त्यांना ग्रंथालयात रस. आणि ज्यांच्याकडून माहिती मिळायला हवी ते फादर व्हॉट्सअ‍ॅपवर 'या, बघू' एवढंच लिहितात. प्रबंधात बुडालेत, समजू शकते.

तर कोणी तिथे राहिलंय का? बाहेरच्या माणसांना कॉलेजात आत सोडतात का, की गेटवरूनच परत? कधी जावं? आईचे गुडघे दुखतात, फार चालणं होणार नाही. व्हिसाला भावाचं पत्र पुरतं का? आणि आई इंग्रजी मिस्सा (चर्चमधली उपासना) समजून घेते, पण डचमध्ये तिचं काय होणार?

हेव्हर्लीकर

मी लूवेनला लागून असलेल्या हेव्हर्लीत चिप संशोधनात आहे. ईशज्ञानाशी संबंध शून्य, पण जेवायच्या सुट्टीत त्या गल्ल्या पायाखाली घातल्यात.

पहिली गोष्ट, 'गेट' ही कल्पना आईंच्या डोक्यातून काढा. इथे कुंपण घातलेला कॅम्पस नाही, विद्यापीठ गावभर विखुरलंय. ईशज्ञान विभाग सिंट-मिखिल्सस्ट्राट नावाच्या गल्लीत, मारिया तेरेसिया कॉलेज या १८ व्या शतकातल्या इमारतीत आहे. कोपऱ्यावर नामसेस्ट्राटवर सेंट मायकेल चर्च. जेझुइट या कॅथलिक धर्मसंघाने १७ व्या शतकात बांधलेलं, आणि त्याचा दर्शनी भाग असा कोरलाय की वेदीच उचलून रस्त्यावर आणून ठेवलीय असं वाटावं. ते नीट बघायला समोरच्या फुटपाथवर जावं लागतं, सायकली सांभाळून.

अंगणात, कॉरिडॉरमध्ये कोणी अडवत नाही. वर्ग चालू असेल तर आत घुसायचं नाही, एवढंच. विद्यार्थ्याबरोबर गेलात तर रिकामा वर्ग सहज बघता येईल.

पप्पांसाठी मॉरिट्स साबे ग्रंथालय. तिथून जवळच, शार्ल देबेरियोस्ट्राटवर. विभागाचं स्वतःचं ग्रंथालय आहे हे, दहा लाखांहून जास्त ग्रंथ. आत बसून वाचायला बाहेरच्यांनाही वाव असतो, घरी न्यायला कार्ड लागतं. बेल्जियममधल्या जेझुइटांची जुनी पुस्तकंही इथे आलीत.

आणि महत्त्वाचं! तिकीट काढताना 'लूव्हँ-ला-नव्ह' काढू नका. ते वेगळं गाव आहे, फ्रेंच भागातलं. १९६८ मध्ये भाषेच्या भांडणातून विद्यापीठाचे दोन तुकडे झाले, फ्रेंच शाखेसाठी शेतात नवं गावच वसवलं. ग्रंथालयाचीसुद्धा वाटणी झाली! आपल्याकडे भाऊबंदकीत भांडी वाटतात, इथे पुस्तकं वाटली. तुम्हाला हवं ते फ्लेमिश, म्हणजे डच बोलणाऱ्या भागातलं लूवेन. ब्रसेल्स विमानतळावरून थेट गाडी, पंधरा मिनिटांच्या आसपास.

मिसळ_कट

एवढा खर्च करून लूवेन? गाव अर्ध्या दिवसात संपतं. कॅथलिक शिक्षणसंस्थाच बघायची तर रोमला न्या की. ग्रेगोरियन विद्यापीठ, १५५१ मध्ये लोयोलाच्या इग्नेशियसनी सुरू केलेलं, ट्रेव्ही कारंजापासून चालत. वर व्हॅटिकन. आई-बाबा खूश होतील.

पाचूबंदर

@मिसळ_कट, रोम कोणाला नको? पण फादर रोमला नाहीत ना. :)

हेव्हर्लीकर

@मिसळ_कट, वयाचाच मुद्दा असेल तर लूवेनचं विद्यापीठ १४२५ चं, ईशज्ञान विभाग १४३२ चा. ग्रेगोरियनला शंभर वर्षांनी मागे टाकलं. २०२५ मध्ये सहाशे वर्षं झाली, त्यानिमित्त पोप फ्रान्सिस आदल्या वर्षी सप्टेंबरात स्वतः येऊन गेले. गाव अर्ध्या दिवसात संपतं हे मात्र खरं, ज्यांना फक्त फोटो काढायचेत त्यांच्यासाठी.

फिरस्ती_मावशी

व्हिसाबद्दल सांगते, गेल्या काही वर्षांत घरच्या मंडळींचे बरेच अर्ज भरलेत.

भावाचं निमंत्रणपत्र, त्याच्या रहिवासी कार्डाची आणि विद्यापीठाच्या नोंदणीची प्रत जरूर जोडा. पण खर्चाची हमी त्याच्यावर टाकू नका. तो विद्यार्थी, त्यातून धर्मगुरू, त्याच्या नावावर पगार कसला दाखवणार? पप्पांची पेन्शन आणि तुमची बँक स्टेटमेंट, 'आमच्या खर्चाने येतोय' हेच सरळ. ३०,००० युरोंचा प्रवासविमा सक्तीचा. फी माणशी ९० युरो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून घेतात, निदान पंधरा दिवस आधी तरी द्यावाच लागतो, पण सुट्टीच्या मोसमात तेवढ्यावर राहू नका. नातं दाखवायला जन्मदाखले काढून ठेवा. दीक्षेनंतर पासपोर्टवर नाव वेगळं झालंय का तेही बघा.

माजी_लूवेनकर

धागा उशिरा पाहिला. मीही धर्मगुरू, याच विभागात शिकलो, आता महाराष्ट्रात आहे. तुमचे फादर 'या, बघू' का म्हणतात ते मला नेमकं कळतंय. जानेवारी आणि जून परीक्षांचे, त्याआधीचे आठवडे गावात सन्नाटा. जुलै मध्यापासून ऑगस्ट मध्यापर्यंत विभाग रिकामा, ग्रंथालयाची वेळ कमी. टाळा. वर्ष सप्टेंबरच्या शेवटी सुरू होतं, ऑक्टोबर उत्तम.

पण त्याहून चांगलं सुचवू? त्यांना विचारा, प्रबंध कधी पूर्ण होतोय. लूवेनला डॉक्टरेटचा ओपन व्हायवा खरोखर ओपन असतो, कोणीही येऊन बसू शकतं. उमेदवार विषय मांडतो, प्राध्यापक एकेक करून प्रश्न विचारतात, मग आत जाऊन चर्चा करतात आणि निकाल तिथेच सांगतात. त्यानंतर छोटं चहापान. रिकामा बाक बघण्यापेक्षा लेकाला उभं राहून उत्तरं देताना बघणं केव्हाही बरं. इंग्रजीत असतो, कारण आपल्याकडची, आफ्रिकेतली, फिलिपिन्सची पुष्कळ मुलं इंग्रजी अभ्यासक्रमाला असतात. वर्षभराची ढकलाढकल करावी लागली तरी करा.

आईंना नक्की दाखवा ते सेंट पीटर चर्चमधलं दिर्क बाउट्सचं शेवटच्या भोजनाचं चित्र. १४६४ मध्ये काम दिलं तेव्हा करारातच अट होती की चित्रकाराने विद्यापीठातल्या ईशज्ञानाच्या दोन प्राध्यापकांच्या सल्ल्याने चालायचं. म्हणजे तुमच्या फादरांच्या विभागाचंच काम म्हणा ना. येशू विश्वासघाताबद्दल बोलताना दाखवलेला नाही. भाकरीवर आशीर्वाद देतोय, मिस्सेत फादर करतात तेच. खोली पॅलेस्टाईनची नाही, फ्लेमिश घराची. भिंतीतल्या खिडकीतून दोन माणसं डोकावतायत. मधल्या चौकटीच्या दोन्ही बाजूंच्या फळ्या एकदा जर्मन संग्रहालयांना विकल्या गेल्या, पहिल्या महायुद्धानंतर तहात परत मिळाल्या, नाझींनी पुन्हा नेल्या, पुन्हा आणल्या. आज ते ज्या चर्चसाठी काढलं तिथेच आहे. चर्च नगरभवनासमोर, सपाट रस्ता, गुडघ्यांना त्रास नाही.

संत डेमियन आईंना माहीत असतीलच. हवाईतल्या मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करताना त्याच रोगाने १८८९ मध्ये वारले. १९३६ मध्ये त्यांचे अवशेष बेल्जियमला आणले, समाधी लूवेनच्या सेंट अँथनी चॅपेलच्या तळघरात आहे. पाटी लहान, विचारत जा. तिथे प्रार्थनेला बसायला वेळ ठेवा.

पप्पा विज्ञानाचे असतील तर जॉर्ज लमेत्र यांची आठवण करून द्या. विश्व प्रसरण पावतंय यावर १९२७ मध्ये लेख लिहिणारे आणि पुढे 'आद्य अणू'ची कल्पना मांडणारे हे धर्मगुरू इथेच प्राध्यापक होते. इंग्रजी-हिंदी शब्दकोशवाले फादर कामिल बुल्के इथेच इंजिनिअर झाले, मग जेझुइट होऊन भारतात आले.

मिस्सेची काळजी नको. विद्यापीठाच्या पॅरिशचा आंतरराष्ट्रीय समुदाय आहे, इंग्रजी मिस्सा होते.

हेव्हर्लीकर

लादूझप्लेन चौकातलं विद्यापीठाचं मुख्य ग्रंथालयही पप्पांना दाखवा. जुनं ग्रंथालय ऑगस्ट १९१४ मध्ये जर्मन सैन्याने जाळलं, सुमारे तीन लाख पुस्तकं गेली. अमेरिकेतल्या शाळा-कॉलेजांनी वर्गणी काढून हे नवं बांधून दिलं, १९२८ ला उघडलं. भिंतीच्या दगडांवर त्या शाळांची नावं कोरलीत, शिक्षक माणसाला तिथे अर्धा तास सहज लागेल. १९४० मध्ये हेही जळलं, परत उभं केलं. मनोऱ्यावर चढता येतं, पण तीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत, आईंना खाली कॉफी. समोर मोठ्या सुईच्या टोकावर उलटा टोचलेला हिरवा भुंगा आहे, त्याचं काय कारण ते कोणी विचारू नका, कला आहे.

ग्रोट बेगाइनहोफ (धार्मिक व्रतस्थ स्त्रियांची जुनी वस्ती) सुंदर आहे, पण दगडगोट्यांची फरसबंदी. मऊ तळव्याचे बूट घाला.

पाचूबंदर

सगळ्यांचे मनापासून आभार! ओपन व्हायवाचं मला माहीतच नव्हतं. फादरांना आत्ताच मेसेज टाकला, 'तारीख कधी?' दोन निळ्या टिका आल्यात, उत्तर नाही.

आईचा शेवटचा प्रश्न. ती पेढे, घरचं तूप, मांसाचं इंदयाल आणि सुके बोंबील घेऊन जाणार म्हणते. चालेल का?

फिरस्ती_मावशी

तूप, पेढे, इंदयाल तिन्ही नाही. युरोपीय संघाबाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी, विमानतळावर काढून घेतात. सुकी मासळी मात्र चालते, माणशी वीस किलोपर्यंत. मसाल्यांच्या पुड्या सीलबंद असू द्या.

माजी_लूवेनकर

बोंबील न्याच. पण आईंना सांगा, वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात भाजायचे नाहीत, कालवणच करायचं. भाजले की धुराचा अलार्म वाजतो आणि अख्खा मजला रस्त्यावर येतो.