नेत्यांचे फौजेतले दावे मीडिया तपासतो का?

दादरकर: काल लोकलमध्ये टिम वॉल्झवरून वाद झाला, २०२४ ला अमेरिकेत उपराष्ट्रपतीपदाला उभा होता तो. २४ वर्षं नॅशनल गार्डमध्ये, म्हणजे तिथल्या राखीव फौजेत होता हे खरंय ना, मग रँक वाढवून सांगितली म्हणून एवढा गदारोळ का? चॅनेलवाले नुसते ओरडले, नीट कुणी सांगितलंच नाही.

कुलाब्याची_लेक: दादा, कमांड सार्जंट मेजर हे पद त्याने सांभाळलं होतं, पण त्यासाठीचा कोर्स पूर्ण नव्हता म्हणून कागदोपत्री निवृत्ती मास्टर सार्जंट या खालच्या रँकवर. 'मी युद्धात वापरलेली शस्त्रं' असं बोलला ते मात्र चूकच, लढाईत तो कधी नव्हता. माझे बाबा नेव्हीत होते, असं बोललेलं आम्हाला लागतं.

गिरगाव७७: २०१० चं अमेरिकेतल्या सिनेट उमेदवार ब्लूमेंथलचं प्रकरण बघा, मरीन रिझर्व्ह या राखीव दलात होता पण व्हिएतनामला गेलाच नव्हता आणि भाषणात गेलो म्हणाला, न्यूयॉर्क टाइम्सने छापलं, तरी सिनेटवर निवडून आलाच. उलट २००४ ला राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार जॉन केरीची व्हिएतनाम युद्धातली पदकं नेव्हीच्या रेकॉर्डवर होती तरी जाहिरातींतून त्याच्यावर चिखलफेक, आणि चॅनेलं त्या जाहिराती बातमी म्हणून परत परत दाखवत राहिली, माझा राग त्याचाच आहे.

दादरकर: आता कळलं. आपल्याकडे उमेदवाराच्या प्रतिज्ञापत्रात गुन्हे, मालमत्ता, शिक्षण असतं, फौजेतल्या सेवेचा रकानाही हवा.