रेडिओआयोडीन घेतलेल्यांनो, मीटरवर आकडा किती आला होता?

मीठभाकर (धागाकर्ती):
थायरॉईडच्या कॅन्सरचं ऑपरेशन झाल्यावर मला रेडिओआयोडीनची, म्हणजे किरणोत्सर्गी आयोडीनची, 100 मिलिक्युरीची कॅप्सूल दिली. त्याआधी दोन आठवडे आयोडीनचं मीठ बंद, हॉटेल बंद. खरं सांगते, ऑपरेशनपेक्षा ते दिवस जड गेले. कॅप्सूल गिळल्या गिळल्या, "बाथरूमला जायच्या आधी इथे उभ्या राहा," म्हणून जमिनीवरच्या पिवळ्या पट्टीवर उभं केलं आणि एक मीटर अंतरावरून किरणोत्सर्ग मोजायचा मीटर धरला. 190. दुसऱ्या दिवशी 74, तिसऱ्या दिवशी 21, आणि "चला, घरी!" कसलं 190, ते विचारायचं सुचलंच नाही. पेपरच्या कडेला लिहून ठेवलं फक्त. आता मावसबहिणीचा नंबर लागलाय. तुमचे अनुभव लिहा.

धाकटी सून:
सासूबाईंच्या कागदावर आकडाच नव्हता, नुसतं "डिस्चार्ज". घरात दीड वर्षाची मुलगी. किती दिवस लांब ठेवायचं, हे मी तीनदा फोन केल्यावर कळलं. आजी दाराआडून टाळ्या वाजवायच्या, ही आत जायला रडायची. सांगून ठेवते, आकडा आणि दिवस दोन्ही लिहून मागा.

ठाणेकर आरएसओ:
न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये आरएसओ, म्हणजे किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी आहे, हेच काम करतो. 190 म्हणजे तासाला 190 मायक्रोसिव्हर्ट, तिथे उभ्या माणसाला लागणाऱ्या किरणोत्सर्गाचं माप. आपल्याकडे एक मीटरवर 50 च्या आत आल्यावर सोडतात. दोन मीटरवर तोच आकडा साधारण चौथाई होतो, म्हणून "लांब बसा".
पण मीटर दाखवतो ते अंगाबाहेर पडणारे गॅमा किरण. पेशी मारतात ते बीटा कण, आणि ते एक-दोन मिलिमीटरच्या पुढे जात नाहीत. मिलिक्युरी म्हणजे किती दिलं. गाठीनं किती किरणोत्सर्ग शोषला ते ग्रे या एककात मोजतात, आणि ते बहुतेकांचं मोजलंच जात नाही, ठरावीक डोस देतात. आजार फुप्फुसात पसरला असेल किंवा किडनी अधू असेल, तर आधी थोडासा डोस देऊन चार-पाच दिवस रक्त आणि अंगातलं आयोडीन मोजतात, म्हणजे रक्ताला मिळणारा किरणोत्सर्ग 2 ग्रेच्या वर जाऊ नये. ही पद्धत 1962 पासूनची. कटकटीची आहे, पण अशा पेशंटनी जरूर विचारावं.

म्युनिककर:
इथे किमान 48 तास सोडतच नाहीत, आणि दोन मीटरवर 3.5 च्या खाली यावं लागतं. मी चौथ्या दिवशी सुटलो. तोवर खिडकीतून पार्किंग मोजलं, 61 गाड्या.

मीठभाकर:
@ठाणेकर, मग बाथरूमचं काय होतं?

ठाणेकर आरएसओ:
लघवीतून आयोडीन जायला लागायच्या आत घेतलेला पहिला आकडा म्हणजे तुमचे पूर्ण 100 मिलिक्युरी. पुढचे सगळे त्याच्याशी ताडून बघायचे.

मीठभाकर:
म्हणजे 21 भागिले 190. घरी आले तेव्हा अंगात 11 मिलिक्युरी होते तर! आणि मी त्याच संध्याकाळी मांजर मांडीवर घेतलं होतं.